बोंडअळी बदलली, बिबट्या नाही : वाचकांचे प्रश्न

सजीव आणि त्यांचा परिसर यांचा मेळ कसा बसत जातो, याविषयी आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांवर कुणाचे पीक तर कुणाच्या घरातले आरोग्य अवलंबून आहे.

प्रश्न : बोंडअळीला बीटी कपाशीची सवय झाली, असे आमच्याकडे सगळेच म्हणतात. सुरुवातीची वर्षे बोंडअळीसाठी फवारणी करावी लागत नव्हती. आता गुलाबी अळी बोंडाबोंडात सापडते. अळीला विषाची सवय कशी होते? आणि आता आमच्या हातात काय उरले आहे?
– कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : सवय एकाही अळीला झालेली नाही. ज्या अळीवर बीटीचे विष चालते, ती कोवळ्या अवस्थेतच मरते. तिला सवय करून घ्यायला सवडच मिळत नाही. बदलली आहे ती शिवारातल्या अळ्यांची जमात. कोणत्या अळ्या मेल्या आणि कोणत्या उरल्या, यातून हा बदल घडला.

बीटी कपाशीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे झाडात एक प्रथिन तयार होते. ते अळीच्या आतड्यात गेले की तिथल्या पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटते, पेशींना भोके पाडते आणि अळी मरते. गुलाबी बोंडअळीत या चिकटण्याच्या जागांपैकी एक आहे कॅडहेरिन नावाचे प्रथिन. पिढ्यान्‌पिढ्या जनुकांच्या नकला होत असताना त्यांत चुका होत राहतात. बीटी असो वा नसो, त्या होतातच. अशा एखाद्या चुकीमुळे कॅडहेरिनचा आकार बिघडला, की विष चिकटत नाही. बीटी येण्याआधी अशा अळीला त्याचा काहीच फायदा नव्हता. शिवारभर बीटी लागली आणि तीच एक अळी जगू लागली.

हा दोष अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. समजा, या जनुकाच्या हजार प्रतींत एक प्रत बिघडलेली आहे. मग दोन्ही प्रती बिघडलेली अळी दहा लाखांत एक सापडेल. हेच प्रमाण दहात एक झाले, की अशी अळी शंभरात एक होते. दोनात एक झाले, की चारात एक. म्हणजे पहिली अनेक वर्षे काहीच दिसत नाही आणि मग दोन-तीन हंगामांत सगळे हाताबाहेर जाते. ‘अचानक झाले’ असे शेतकऱ्याला वाटते ते यामुळे.

हे थोपवण्याचा उपाय पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे येत असे. ते बीटीच्या भोवती पाच ओळींत किंवा २० टक्के क्षेत्रावर, यांपैकी जे जास्त असेल तितके लावायचे होते. बिगर-बीटी ओळींत विष लागू पडणारे पतंग मोठ्या संख्येने जन्मतात. बीटीतून वाचलेल्या एखाद्या पतंगाची त्यांच्याशी गाठ पडली, तर पिल्लांकडे बिघडलेली प्रत एकच येते आणि ती बीटीवर मरतात. हे आश्रय-पीक बहुतेक ठिकाणी लावलेच गेले नाही. आपल्याच शेताच्या पाचव्या हिश्शात अळी पोसायची, हे कुणाच्या मनाला पटणार? त्यासाठी शेतकऱ्याला दोष देणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्या ओळींमागचे गणित त्याला कुणी नीट सांगितलेच नाही.

दुसरे कारण अळीच्या खाण्यात आहे. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटोवरही जगते, त्यामुळे तिला आश्रय-पीक आपोआप मिळते. गुलाबी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर पोसते, तिला बीटीबाहेर जागाच नव्हती. तिसरे कारण आपल्या बियाण्यात आहे. भारतात बीटी संकरित वाणांतून आली. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्यांत गुणांची वाटणी होते आणि चारातल्या एका सरकीत बीटी जनुक नसतेच. गुलाबी अळी सरकी खाते. एकाच बोंडात काही दाणे विषारी, काही बिनविषारी असल्यावर एक बिघडलेली प्रत असलेली अळीही तग धरते आणि प्रतिकार आणखी वेगाने पसरतो. शिवाय पीक ११० दिवसांच्या पुढे गेले, की झाडातले विषही कमी होत जाते.

घटना अशा क्रमाने घडल्या : २००२ मध्ये एका जनुकाची बीटी आली, २००६ मध्ये दोन जनुकांची. २००८ मध्ये गुजरातेत गुलाबी अळीत पहिल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकार सापडला. पहिले कुलूप तुटलेलेच होते, त्यामुळे दोन जनुकांच्या वाणात प्रत्यक्षात एकच जनुक राखण करत होते. तेही पडले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी अळीने कपाशीचे काय केले ते आपण पाहिलेच आहे. याच अळीबाबत अमेरिकेत अॅरिझोनाने आश्रय-पीक काटेकोर पाळले, २००६ पासून नपुंसक केलेले पतंग सोडले आणि २०१८ मध्ये ही अळी तिथल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचे जाहीर झाले. चीनमध्ये शेतकरी संकरित वाणाचे दुसऱ्या पिढीचे बियाणे लावू लागले. त्यात चौथा हिस्सा झाडे आपोआप बिगर-बीटी निघतात. तिथे प्रतिकार वाढायचा थांबून उलट उतरला.

आता तुमच्या हातात काय आहे. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेले कपाशीचे पीक, घेऊ नका. डिसेंबरअखेर पीक संपवा. गुलाबी अळीची एक पिढी साधारण महिना-सव्वा महिन्यात पुरी होते; पाणी देऊन कपाशी मार्चपर्यंत ठेवली, तर आणखी दोन-तीन पिढ्या तुम्हीच निवडून वाढवता, आणि त्याही झाडातले विष कमी झालेले असताना. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर रचून ठेवू नका, कारण तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत आणि सरकीत अळी सुप्तावस्थेत उन्हाळा काढते. जूनच्या आधी लागवड नको. सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगांना पात्या-फुले मिळालीच नाहीत, तर ते अंडी न घालता मरतात. कमी दिवसांचे वाण निवडले, तर हे सगळे सोपे जाते.

पीक ४५ दिवसांचे झाले, की एकरी दोन कामगंध सापळे लावा. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली पतंगांना ओढणारी गंधाची गोळी, गुलाबी बोंडअळीचीच आहे ना, ते पाकिटावर वाचून घ्या. अमेरिकन बोंडअळीची ल्यूर लावली, तर सापळा रिकामा राहील आणि शेत सुरक्षित आहे असा गैरसमज होईल. सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तर उपाय करण्याची वेळ झाली. पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या राहिलेल्या डोमकळ्या दिसतील, त्या तोडून अळीसकट नष्ट करा. बोंडे लागल्यावर एकरात फिरून २० हिरवी बोंडे तोडा आणि फोडून पाहा. बाहेरून पाहून काही कळत नाही, कारण अळी आत शिरल्यावर छिद्र बुजते. दोन बोंडांत जिवंत अळी निघाली, म्हणजे १० टक्के झाले. फवारणी त्याच टप्प्यावर उपयोगी पडते. बोंडात शिरून बसलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही. आणि एकाच गटाचे कीटकनाशक पुन्हा पुन्हा मारू नका, नाहीतर बीटीबाबत जे झाले तेच त्याही औषधाबाबत होईल.

प्रश्न : जुन्नर-अकोले भागात बिबटे उसात राहतात, तिथेच पिल्ले देतात. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांजवळचे सरडे माणसाला कमी घाबरतात, असेही वाचले. ही आपल्या डोळ्यांसमोर घडणारी उत्क्रांती म्हणायची का?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, संगमनेर

उत्तर : बिबट्याच्या बाबतीत नाही. बिबट्या मुळातच कुठेही जगणारा प्राणी आहे. लपायला आडोसा आणि खायला मध्यम आकाराचे जनावर एवढ्यावर त्याचे भागते. उसाने आडोसा दिला. कुत्री, शेळ्या, डुकरे यांनी भक्ष्य पुरवले. अकोले परिसरातल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, तेही जंगल जवळजवळ नसलेल्या शेतीच्या मुलखात. उसात जन्मलेले पिल्लू आईबरोबर उसात वावरायला शिकते. ही शिकवण आहे, जनुकांतला बदल नव्हे. उसाचे क्षेत्र वाढले ते धरणे-कालव्यांनंतर. बिबट्याच्या पिढ्यांच्या हिशेबाने हा काळ फारच थोडा आहे.

चाळकेवाडीचे प्रकरण जास्त रंजक आहे. सातारा जिल्ह्यातल्या या पठारावर गळ्याशी निळ्या-केशरी रंगाचा पंखा फुलवणारा सरडा राहतो. त्याच्या प्रजातीगटाला २०१६ मध्ये शास्त्रीय नावही ‘सरडा’ हेच मिळाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, तर सरडे जास्त. तिथले सरडे माणूस बराच जवळ येईपर्यंत पळत नाहीत आणि पकडल्यावर त्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी वाढते. डोक्यावर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी कमी झाले, तेव्हा भीतीही ओसरली.

पण हा बदल पिढीजात आहे, की प्रत्येक सरड्याने आयुष्यात शिकलेला? त्यासाठी एकच कसोटी आहे. दोन्ही भागांतली अंडी आणून एकाच ठिकाणी, एकाच आहारावर, एकाच तापमानात वाढवायची. फरक टिकला तर तो वारशातला, पुसला गेला तर परिस्थितीचा. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात तीन संशोधकांनी अचिलिया नावाच्या रानझाडावर अशीच कसोटी लावली. समुद्रसपाटीपासून उंच डोंगरापर्यंतची झाडे गोळा करून ती तीन वेगवेगळ्या उंचीच्या बागांत शेजारी शेजारी लावली. डोंगरातली झाडे खालच्या बागेतही बुटकीच राहिली. हवामानानुसार झालेली निवड त्यांच्या बियाण्यात उतरली होती. ही एक कसोटी मनात ठेवली, तर अनुकूलनाबद्दलच्या निम्म्या बातम्यांचा खरेपणा तुम्हाला घरबसल्या तपासता येईल.

प्रश्न : सड्यावरच्या मातीत नत्र नसते, म्हणून दवबिंदू वनस्पती किडे खायला शिकली, असे सहलीत सांगितले गेले. झाडाला कसे कळले, की नत्र किड्यात आहे?
– शिक्षक, देवरूख

उत्तर : झाडाला काही कळावे लागत नाही. तुमच्या शंकेतच उत्तर आहे. गरज असणे हे कारण पुरत नाही. गरज तर सड्यावरच्या प्रत्येक रोपाला आहे. मग बाकीच्यांनी किडे का खाल्ले नाहीत?

सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, माती काही बोटे जाड असते. पावसाळ्यात तिच्यातून पाणी सतत वाहते आणि नत्र, स्फुरद धुऊन जातात. अशा जागी दवबिंदूच्या पूर्वजांकडे आधीपासून दोन गोष्टी होत्या. पहिली, चिकट स्राव असलेले ग्रंथीयुक्त केस. असे केस अनेक झाडांना असतात. चित्रकाच्या फुलाखालचा निदलपुंज बोटात धरून पाहा, बोट चिकटेल. चित्रकाचे कुळ दवबिंदूच्या जवळच्या नात्यातले आहे आणि प्लंबॅजिन हे रसायन दोघांतही सापडते. दुसरी गोष्ट म्हणजे बुरशीपासून बचावाची विकरे. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, आणि किड्याचे कवचही कायटिनचेच असते. बुरशी विरघळवणारे कायटिनेज चिकटून मेलेल्या किड्यावरही चालते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे स्पष्ट झाले, की एकमेकांशी संबंध नसलेल्या कीटकभक्षी वनस्पतींच्या तीन वंशांत पाचक विकरे अशाच बचावाच्या प्रथिनांपासून स्वतंत्रपणे घडली.

पुढचे पाऊल लहान आहे. ज्या रोपाच्या पानावर चुकून किडा अडकून कुजला आणि ज्याच्या पानाने त्यातले थोडे नत्र शोषले, त्याला चार बिया जास्त धरल्या. केस थोडे लांब, स्राव थोडा जास्त, केस किड्याकडे वळण्याची थोडी क्षमता. प्रत्येक टप्प्यावर थोडा फायदा आणि त्या मानाने थोड्या जास्त बिया. ‘पुढे जाऊन सापळा होईल’ म्हणून काहीही जमवले गेलेले नाही. जो टप्पा त्या वेळी उपयोगी नव्हता तो टिकला नाही.

याची किंमतही आहे. चिकट केसांनी भरलेले पान प्रकाश पकडण्यात कमजोर असते आणि स्राव बनवायला साखर खर्च होते. म्हणून हा व्यवहार जिथे पाणी आणि उजेड भरपूर, पण खनिजे नाहीत, अशाच जागी परवडतो. बागेतल्या खतावलेल्या मातीत दवबिंदूवर गवत सहज मात करते. घरी नेऊन कुंडीत लावलेली रोपे महिन्याभरात का मरतात, याचेही कारण हेच. शेणखत, नळाच्या पाण्यातले क्षार आणि खिडकीतला अपुरा उजेड, तिन्ही त्याला मानवत नाहीत. कृपया सड्यावरून एकही रोप उपटू नका.

त्याच सड्यावरची निळी-जांभळी सीतेची आसवे पूर्णपणे वेगळ्या वंशातली, तुळस आणि तीळ यांच्या गणातली. तिला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात. पिशवी आतले पाणी बाहेर टाकून आतला दाब कमी ठेवते. दाराच्या केसांना सूक्ष्मजीवाचा धक्का लागला, की एक मिलिसेकंदही लागत नाही, तोवर दार उघडून तो आत ओढला जातो. एकाच अडचणीवर दोन वंशांनी काढलेल्या या दोन वाटा. हातातले सामान वेगळे होते, म्हणून सापळेही वेगळे झाले.

प्रश्न : नववीच्या मुलांसाठी अनुकूलनावर स्वस्तातला, पण खरा प्रयोग सुचवाल का? उंटाची चित्रे चिकटवून कंटाळा आला आहे.
– शिक्षिका, परभणी

उत्तर : पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रे, मोजा. सूक्ष्मदर्शक, पारदर्शक नेलपॉलिश, चिकटपट्टी आणि काचपट्ट्या एवढ्यात काम होते.

आंब्याचे एकच झाड निवडा. कलमी असेल तर उत्तम. दक्षिणेकडच्या भर उन्हातल्या फांदीवरची पाच पाने आणि आतल्या गर्द सावलीतली पाच पाने घ्या. सगळी पाने पूर्ण वाढलेली, साधारण सारख्या वयाची हवीत. पान पुसून कोरडे करा. खालच्या बाजूला, मधली शीर टाळून, नेलपॉलिशचा एकच पातळ थर द्या. दहा-पंधरा मिनिटे पूर्ण वाळू द्या, वर चिकटपट्टी दाबा आणि हळू सोलून काचपट्टीवर लावा. १०च्या नेत्रभिंगाने आणि ४०च्या वस्तुभिंगाने पाहा. नेत्रभिंगावर १८ हा क्षेत्रांक असेल, तर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ०.१६ चौरस मिलिमीटर. वर्तुळात ३० रंध्रे मोजली, तर एका चौरस मिलिमीटरला साधारण १९० झाली. प्रत्येक पानाचे तीन ठसे घ्या आणि सरासरी काढा. वर्तुळाच्या कडेवर अर्धे दिसणारे रंध्र मोजायचे की नाही, हे आधीच ठरवून सगळ्या गटांना सांगा, नाहीतर गटागटांचे आकडे जुळणार नाहीत.

थर जाड झाला, तर ठसा अपारदर्शक होतो. पान ओले असले, तर बुडबुडे येतात. पूर्ण न वाळता सोलले, तर ठसा ताणला जाऊन मोजणी चुकते. लव असलेली पाने घेऊच नका, फक्त केसांचा ठसा येईल.

उन्हातल्या पानांत रंध्रे जास्त दाट आणि पान जाड आढळते. मुले लगेच म्हणतील, ‘हे उन्हाशी झालेले अनुकूलन.’ इथे थांबवा आणि विचारा : दोन्ही पानांची जनुके वेगळी आहेत का? नाहीत, झाड एकच आहे. एकाच जनुकसंचाने उजेडानुसार दोन प्रकारची पाने घडवली. या लवचिकतेला पिढीजात अनुकूलन म्हणता येत नाही. अशी पाने घडवण्याची क्षमता मात्र वारशाने आलेली आहे. हा भेद मुलांना एकदा उमगला, की पाठ्यपुस्तकातला तो धडा ती नव्या नजरेने वाचतात.

मग कण्हेरीचे पान द्या. तिथे ठसा घेऊन रंध्रे दिसणारच नाहीत, कारण ती पानाच्या खालच्या बाजूच्या खळग्यांत, केसांच्या आड दडलेली असतात. कोरड्या हवेत पाणी कमी उडावे अशी ही रचना कण्हेरीत सावलीतही तशीच राहते. ती पाहायला गाजराच्या तुकड्यात पान धरून नव्या पात्याने आडवे पातळ काप काढा आणि सॅफ्रानिन या लाल रंगाच्या एका थेंबात पाहा. कण्हेर विषारी आहे; काप शिक्षकांनीच काढावेत, हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. जवळ तळे असेल, तर कमळाचेही पान आणा : त्याची रंध्रे वरच्या बाजूला असतात, कारण खालच्या बाजूला पाणी आहे.

प्रश्न : कारवी दरवर्षी का फुलत नाही?
– वाचक, ठाणे

उत्तर : बिया खाणाऱ्यांना पुरून उरण्यासाठी, हे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८ मध्ये आणि मग २०१६ मध्ये फुलली. दक्षिणेतली नीलकुरिंजी २००६ आणि २०१८ मध्ये. मधल्या वर्षांत बी नाही, त्यामुळे तिच्यावर जगणाऱ्या उंदीर-किड्यांची संख्या वाढू शकत नाही. मग एका वर्षी इतके बी पडते, की खाऊनही उरते. एखादे झाड चुकून वेगळ्या वर्षी फुलले, तर त्याला परागसिंचनाला जोडीदार कमी आणि बीही जवळपास सगळे खाल्ले जाणार. चुकार झाडांचे वंशज कमी उरतात आणि जमात एका तालावर राहते. फुलून बी धरल्यावर झुडूप मरते. फळे वाळून झाडावरच राहतात आणि पुढच्या पहिल्या पावसात ओल लागताच फटाफट फुटून बी उडवतात, म्हणजे रुजायला ओलावा तयार असतानाच बी जमिनीवर येते.

प्रश्न : आमच्या गटाने खाडीत कांदळाची रोपे लावली, बहुतेक मेली. खारफुटी खाऱ्या चिखलासाठीच बनलेली आहे ना?
– युवक मंडळ, रत्नागिरी तालुका

उत्तर : खारफुटी खारेपणा सोसते, खारेपणा तिला हवाच असतो असे नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. त्याहून बरेच पातळ पाणी असले, तर बहुतेक खारफुटी अधिक जोमाने वाढतात. गोड्या पाण्यात त्या मरत नाहीत. तिथे इतर झाडे त्यांना वाढू देत नाहीत. मीठ गाळण्यासाठी लागणारी ताकद हा खर्च आहे, आणि तो खर्च न करणारे झाड गोड्या पाण्यात पुढे जाते.

मीठ हाताळण्याच्या तऱ्हाही वेगळ्या आहेत. कांदळ मुळांपाशीच मीठ अडवतो, आणि तेही ९० टक्क्यांहून जास्त. तिवर मुळांशी अडवतेच, शिवाय पानांवरच्या ग्रंथींतून उरलेले बाहेर टाकते. दुपारी तिवराचे पान जिभेला लावून पाहा. नात्याने ही झाडे एकमेकांची कुणी नाहीत. तिवर अडुळसा आणि कारवीच्या कुळातले, तर चिप्पी मेंदी आणि तामणाच्या कुळातली. वेगवेगळ्या कुळांतली झाडे खाडीत उतरली आणि सारख्या अडचणींमुळे सारखी दिसू लागली.

तुमची रोपे मेली त्याचे कारण मीठ नसून श्वास असण्याची शक्यता जास्त आहे. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो. तिवर आणि चिप्पीची श्वसनमुळे चिखलातून वर डोकावतात, कांदळाची आधारमुळे कमानीसारखी वर असतात. ओहोटीला त्यांच्यावरच्या छिद्रांतून हवा आत जाते आणि पोकळ ऊतींतून खाली पोचते. रोप दिवसाचा बहुतेक वेळ पाण्याखाली राहिले, तर ही सोय निरुपयोगी ठरते. लागवड अनेकदा उघड्या, मोकळ्या चिखलपाटावर केली जाते, कारण तिथे जागा दिसते. पण तो पाट मोकळा आहे याचाच अर्थ तिथे खारफुटी टिकत नाही. नैसर्गिक झाडी साधारण सरासरी समुद्रपातळीच्या वरपासून उधाणाच्या भरतीच्या रेषेपर्यंत वाढते.

पुढच्या वेळी आधी जवळच्या जिवंत खारफुटीची सर्वांत खालची रेषा पाहा आणि त्या पातळीच्या वरच लावा. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि शेंगेसारखे लांब अंकुर लोंबते. हात लावताच सुटेल असे पिकलेलेच घ्या. तोडून काढलेले कच्चे रुजत नाही. टोकदार बाजू खाली धरून साधारण एक तृतीयांश भाग चिखलात खोवा. उलटे खोवणे ही नेहमीची चूक आहे. रोपांवर बार्नेकल (चिकटून राहणारे कवचधारी सागरी जीव) आणि कालवे चढू लागली, तर जागा फार खाली आहे असे समजा. आणि बांध घालून भरतीचे पाणी अडवलेले असेल, तर लागवड करण्याआधी तिथे पाण्याची ये-जा सुरू करा. ती झाली, की बी वाहत येऊन बऱ्याचदा लागवडीशिवायच रान उभे राहते.

प्रश्न : सिकलसेलचा आजार इतका त्रासदायक आहे, तर निवडीने तो संपायला हवा होता. आमच्या भागात तो इतका का टिकला?
– आरोग्यसेविका, गडचिरोली जिल्हा

उत्तर : कारण सिकलसेलच्या जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाला ते जनुक मलेरियापासून वाचवते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि एक अमिनो आम्ल बदलते. दोन्ही प्रती बदललेल्या असतील, तर प्राणवायू कमी पडताच लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, तो रुग्ण. एकच प्रत बदललेली असेल, तर तो वाहक, सहसा निरोगी. अशा वाहकात मलेरियाचा परजीवी नीट वाढत नाही. तीव्र मलेरियापासून सुमारे ९० टक्के संरक्षण मिळते. हा संबंध १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून मांडला.

मलेरियाच्या जंगलपट्ट्यात मग असे होत राहिले : सामान्य जनुकाची काही मुले मलेरियाने गेली, दोन प्रती असलेली काही सिकलसेलने गेली, वाहक सर्वांत जास्त जगले. वाहकांमुळे जनुक टिकले आणि वाहक-वाहक जोडप्यांमुळे रुग्णही जन्मत राहिले. निवडीला आजारी मुलाच्या वेदनेचे भान नसते. तिच्या लेखी किती वंशज उरले एवढाच हिशेब असतो. म्हणून या जनुकाला एखाद्या जमातीचा दोष मानणे शास्त्राला धरून नाही. ज्या पूर्वजांनी मलेरियात तग धरला त्यांचा हा वारसा आहे. मलेरिया कमी झाला, तरी जनुक लगेच जाणार नाही, कारण ते निरोगी वाहकांत दडून पुढे जाते.

कामात उपयोगी पडेल असे थोडे. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा समज घरोघर असतो. तो स्पष्ट शब्दांत खोडा. विद्राव्यता चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक सांगत नाही. ती सकारात्मक आली, तर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी हवीच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असल्याने विद्राव्यता चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. तीव्र रक्तक्षय असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तरीही निकालावर विसंबू नका. आणि मलेरियाच्या बाबतीत रुग्णाला वाहकासारखे संरक्षण मिळत नाही. मलेरिया त्याच्यासाठी जास्त धोक्याचा आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या घरी मच्छरदाणी आहे का, आणि ताप येताच रक्त तपासले जाते का, हे प्रत्येक गृहभेटीत विचारा.